हलक्या तलंगा

आमच्या ह्यांना सगळे तागडीदादा म्हणायचे. खरं नाव त्यांचं त्यांना आठवत असेल तर असेल. कोंबडी खालून उचलायची, तिचे पाय दोन बोटांत अडकवायचे आणि अंगठा छातीच्या हाडावरून वरून खाली फिरवायचा, बस्स. हाडाच्या दोन्ही बाजूंना मांस लागलं तर भरलेली. हाड सुरीच्या पात्यासारखं वर आलेलं लागलं तर रिकामी. एवढ्यावर ते वजन सांगायचे, आणि काट्यावर ठेवलं की फार तर वीस-पंचवीस ग्रॅमचा फरक. थोरले मालक होते तेव्हा आल्या-गेल्या पाहुण्यांना हा खेळ दाखवायचे आणि हे असे फुगायचे की विचारू नका.

सव्वीस वर्षं आम्ही दुसऱ्याच्या कोंबड्या वाढवल्या. एक दिवसाची पिल्लं खोक्यांतून यायची, आठशेच्या आठशे. पिसं भरली की त्यांच्या तलंगा व्हायच्या, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या तरण्या कोंबड्या, आणि सोळा आठवड्यांनी मोठ्या शेडवर जायच्या. मग आम्ही भुसा काढायचा, चुना मारायचा, पुढचं खोकं उघडायचं. शेडच्या टोकाला पत्र्याची एक खोली, तीच आमची. भिंतीपलीकडे कोंबड्या, अलीकडे आम्ही. झोपेत कूस बदलली तरी त्यांना कळायचं आणि त्यांच्यात काही बिनसलं तर आम्हाला.

काम चोख, स्वभाव मात्र तिरसट. नाकावर माशी बसू द्यायचे नाहीत. जनावरांची डॉक्टरीण एकदा म्हणाली, "दादा, दर आठवड्याला वीस तलंगा काट्यावर घालत जा." तर हे म्हणाले, "काट्याला हाड कळतं का, बाई? पिल्लू पोटभर पाणी प्यायलं की काटा खूश." तिने हात जोडले. काटा खोलीत माझ्या ट्रंकेखाली गेला.

गेल्या वर्षापासून ह्यांना एक नवीनच खोड लागली होती. कोंबडी उचलायची, अंगठा फिरवायचा आणि माझ्या हातात द्यायची. "कशी वाटते गं?" मी म्हणायचे, "भरलेय." किंवा, "जरा कमीच आहे." की हे मान डोलवायचे, "हं, मलाही तेच वाटलं." मला वाटायचं, मास्तर परीक्षा घेतायत. मी चिडायचे. म्हणायचे, "अहो, मी दाणे टाकू की तुमचे धडे गिरवू?" तरी हात आपोआप पुढे व्हायचा. इतकी वर्षं बघून बघून माझ्याही अंगठ्याला अक्कल आली होती. ती मी कधी मिरवली नाही, एवढंच.

ह्यांना साखरेचा आजार. गोळ्या मी रोज सकाळी चहाबरोबर हातावर ठेवायची आणि हे तोंडात टाकायचे. त्या खेपेची पिल्लं साधारण सहा आठवड्यांची झाली असतील. एक दिवस मी खाद्याचं पिंप तळापासून घासायला घेतलं, तर बुडाशी गोळ्यांचा सडा. किती महिन्यांच्या होत्या देव जाणे! माझं डोकंच फिरलं. मी म्हणाले, "हे काय आहे?" हे म्हणाले, "मला काय धाड भरलीय? गोळ्यांनी तोंड कडू होतं." मी म्हणाले, "मग मरा! माझ्या जिवाला तरी सुटका." बोलू नये ते बोलले. ह्यांनी पिंपाला लाथ घातली. त्या दिवसापासून आमचा अबोला सुरू झाला.

सव्वीस वर्षांत भांडणं पुष्कळ झाली. पण दोन दिवसांवर कधी गेली नव्हती. ह्या वेळी मी मनाशी ठरवलं, आधी ह्यांनी बोलायचं. त्यांनीही तेच ठरवलं असावं. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, ना माझा, ना त्यांचा. चहा ठेवायचा, उचलायचा, भांडी आपटायची. असे तीन आठवडे गेले.

आणि मला दिसत होतं हो! हेच मला खातंय. मी भांडी धुवायची, दाणे टाकायची, मला दिसायचं नाही तर कुणाला? तुरे फिकट पडत चालले होते. पिसं राठ. कोपऱ्यातला भुसा ओला. दाणे तर फस्त होत होते आणि अंगाला काही लागत नव्हतं. खाऊन खाऊन वाळणारी पिल्लं मी आधी पाहिली होती, त्याचं कारण बहुतेक जंतच निघतात. मला एक वाक्य बोलायचं होतं. पण मी म्हटलं, एवढी मोठी तागडी आहे ना, बघतील त्यांचं ते. मूग गिळून बसले.

एकदा तर ते स्वतः आले. मी पायरीवर बसून पाण्याची भांडी घासत होते. त्यांनी एक तलंग आणली आणि न बोलता माझ्या मांडीवर ठेवली. मला वाटलं, समेट करायला आलेत, पण तोंड उघडायला कमीपणा वाटतोय. मी तिला हात न लावता खाली सोडून दिली आणि भांडं घासत राहिले. ते तसेच आत गेले.

दहाव्या आठवड्यात धाकटे मालक आले. थोरले गेल्यापासून सगळं तेच बघतात. पोरगा वाईट नाही, लहानपणी ह्यांच्याच मागे मागे शेडभर फिरलेला. नवीन काटा घेऊन आला होता, म्हणाला, "सहज घालून बघू." वीस घातल्या. साडेआठशेच्या आसपास हव्या होत्या, सरासरी आली पाचशे साठ. त्याने काटा उलटा करून पाहिला, पुन्हा घातल्या. तेच.

"दादा, हे काय?" त्याने विचारलं.

ह्यांच्या तोंडचं पाणी पळालं. मी दारात उभी होते, ह्यांनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि नजर काढून घेतली.

डॉक्टरीण दुपारी आली. दोन तलंगा सकाळीच मेल्या होत्या, त्यातली एक तिने टेबलावर उघडली. आतड्यात पांढऱ्या दोऱ्यांचा गुंता. "जंत आहेत. आणखीही काही असेल, विष्ठा तपासायला पाठवते. पण थांबून चालणार नाही," ती म्हणाली. मग नीट समजावून सांगितलं. औषध पाण्यात घालून चालतं, पण धष्टपुष्ट तलंगा हलक्यांना भांड्याजवळ येऊ देत नाहीत. ज्यांना औषधाची गरज, त्याच तहानलेल्या राहतात. म्हणून आधी निवड करायची. भरलेल्यांना पाण्यातून, हलक्यांना एकेकीला चोचीत, बिनसुईच्या पिचकारीने. दहा दिवसांनी पुन्हा. भुसा सगळा बदलायचा.

"निवड दादाच करतील," धाकटे मालक म्हणाले. मग बाजूला घेऊन, पण मला ऐकू येईल असं, म्हणाले, "दादा, तीन आठवडे देतो. वजन चढलं तर ठीक. नाहीतर ही सगळी खेप खाटकाकडे जाईल आणि शेड मला दुसऱ्या कुटुंबाला द्यावी लागेल." शेड म्हणजे खोलीही. त्याने तो शब्द काढला नाही, पण आम्ही काय दूधखुळे आहोत?

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या सुमाराला निवडीला बसलो. तेव्हा कोंबड्या गोंधळ करत नाहीत. मधे फळ्या लावल्या, उजवीकडे भरलेल्या, डावीकडे हलक्या. हे उचलायचे, अंगठा फिरवायचे, मला द्यायचे आणि बोटाने दाखवायचे, इकडे, तिकडे. पाचवी की सहावी असेल, बोट उजवीकडे. माझ्या हातात तर नुसतं पातं होतं. मला वाटलं, घाईत चुकले. पुढची पुन्हा तशीच. तिसरी चांगली भरलेली, ती डावीकडे.

"अहो," मी म्हणाले. तीन आठवड्यांनी निघालेला पहिला शब्द. "ही हलकी आहे."

त्यांचा हात थांबला. "नक्की?"

मी त्यांचा हात ओढून घेतला, अंगठ्यात नख रुतवलं. रक्त आलं. ते माझ्या तोंडाकडे बघत होते, अंगठ्याकडे नाही.

"कधीपासून?"

"गेल्या वर्षापासून. आधी पाय बधिर झाले, मग बोटं."

"आणि इतके दिवस कोंबड्या कशा पारखल्या?"

"तू होतीस ना," ते म्हणाले.

मी तिथेच भुशात बसकण मारली. परीक्षा कसली आणि मास्तर कसले! ते विचारत होते. रोज माझ्याकडून ऐकून घेत होते आणि मी त्यांना टोमणे मारत होते. आणि ज्या तीन आठवड्यांत पिल्लं वाळली, त्याच तीन आठवड्यांत मी तोंडाला कुलूप लावून बसले होते. मांडीवर आणून ठेवली तीसुद्धा मी सोडून दिली. मी रडले, त्यांना शिव्या घातल्या, स्वतःलाही घातल्या. ते फक्त एवढंच म्हणाले, "मालकाला सांगू नकोस. बाकी काय वाटेल ते कर." मी हो म्हटलं. तेव्हा काहीही म्हटलं असतं.

निवड मी केली. पाचशेच्या वर हलक्या निघाल्या. तीन दिवस आम्ही एकेकीच्या चोचीत औषध घातलं. हे धरायचे, मी पिचकारी चोचीच्या कडेने घालायची, हळूहळू, नाहीतर श्वासनळीत जातं. कुणी आलं की आम्ही जागा बदलायचो. हे अंगठा फिरवल्याचं नाटक करायचे, मी मान खाली घालून उगाच लुडबुडल्यासारखी करायची. भुसा काढताना कंबरेचा काटा ढिला झाला. दहा दिवसांनी पुन्हा तेच. तपासणीत जंतांशिवाय दुसरं काही निघालं नाही. पण वाळलेलं पिल्लू औषधाने लगेच थोडंच उभं राहतं? रोज चार-पाच मरायच्या. मी पहाटे उठून आधी मेलेल्या गोळा करायची, म्हणजे ह्यांना मोजाव्या लागू नयेत.

तीन आठवडे भरले. धाकटे मालक काटा घेऊन आले, डॉक्टरीणही आली. वजन चढलं होतं. आठशे चाळीस. हवं होतं हजाराच्या वर, पण चढलं होतं. डॉक्टरीण म्हणाली, "औषध लागू पडलंय. उशिरा का होईना, अंड्यावर येतील." माझ्या जिवात जीव आला.

पण मालकाच्या कपाळावरची आठी तशीच. "ह्या वाचल्या, मान्य. पण दादा, हे इतक्या उशिरा कसं कळलं? तुमच्या हाताला? तुम्ही तर झोपेतसुद्धा सांगाल." मालकाचा आवाज चढला. "मला लोक काय सांगतायत माहितीय? खाद्य बाहेर विकलं जातंय म्हणतात. मी म्हटलं, आमचे दादा असं करणार नाहीत. तुम्ही सांगा मला."

आणि हे म्हणाले, "विकलं."

ज्या माणसाने सव्वीस वर्षांत मालकाचा एक फुटका दाणा घरी आणला नाही, तो ताठ मानेने म्हणाला, "विकलं मी. पोती विकली. पिल्लं उपाशी राहिली." चोर म्हणवून घ्यायला तयार होते, पण आंधळ्या हाताचा म्हणवून घ्यायला नाही. शब्द दिला होता मी. पण चोराची बायको म्हणून ह्या खोलीतून बाहेर पडायचं? आणि ह्यांनी चोर म्हणून?

"खोटं बोलतायत," मी म्हणाले. "काही विकलं नाही. हात मेलाय त्यांचा. वर्षभर माझ्या हाताने चाललं होतं. आणि पिल्लं वाळताना मला दिसत होती, मी बोलले नाही."

"गप्प बस!" हे ओरडले.

मालकाने आधी माझ्याकडे बघितलं, मग ह्यांच्याकडे. मग वाकून एक तलंग उचलली आणि ह्यांच्या हातात दिली. आवाज अगदी खाली आणून म्हणाला, "दादा, तुम्हीच शिकवलंत मला. सांगा, भरली की रिकामी?"

ह्यांनी तिचे पाय दोन बोटांत धरले, डोळे मिटले आणि अंगठा वरून खाली फिरवला, नेहमीसारखा. पुन्हा फिरवला. मी काही बोलू शकत होते, खोकू शकत होते. नाही खोकले.

"भरलेय," ते म्हणाले.

मालकाने हात पुढे केला, तिच्या छातीवरून स्वतःचा अंगठा फिरवला आणि तोंड फिरवून घेतलं. डॉक्टरीण पिशवी आवरायला लागली. सगळ्या खेपेत तसल्या रिकाम्या उरलेल्या असतील पाच-दहा, त्यातलीच एक होती ती.

ह्यांना कळलं. त्यांनी तलंग सावकाश भुशावर ठेवली, सदऱ्याला हात पुसले. मालकाला म्हणाले, "शेड हिच्याकडे द्या. हिला येतं सगळं." आणि माझ्याकडे न बघता खोलीत गेले.

मालकाने शेड मला दिली. खोली राहिली. मालक आणि डॉक्टरीण गेल्यावर पत्र्याच्या भिंतीपलीकडून आवाज यायला लागला. माणूस तोंडात कापड कोंबून रडतो, तसा. मी त्यांना रडताना कधी ऐकलं नव्हतं. सातशे तलंगा रिकाम्या भांड्यांशी मान वर करून उभ्या होत्या, चारच्या पाण्याची वेळ झाली होती. मी आधी पाणी दिलं.