शेजारच्या फोनवर आई काय सांगत होती

"तुमच्या आईच्या किडन्या हळूहळू निकामी होताहेत," ठाण्यात खोपटच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणाले. "क्रॉनिक किडनी डिसीज." म्हणजे मूत्रपिंडाचा कायम सोबत राहणारा आजार. तो बरा होत नाही. औषधांनी आणि पथ्याने थोपवायचा.

मानपाड्याच्या घरून सारखं ठाण्याला येणं आईला झेपत नव्हतं. म्हणून डॉक्टरांनी सुचवलं, सोमवारी आणि गुरुवारी सिस्टरना फोन करा. वजन, पायांची सूज, धाप, दिवसभराची लघवी किती मिलिलिटर, चारही गोष्टी सांगा. अंगात पाणी साठायला लागलं तर लगेच पाणी काढायची गोळी वाढवता येईल.

आमच्याकडे फोन नव्हता. अर्ज करून पाच वर्षं झाली होती. मी कामावर जायचे आणि आई शेजारच्या सामंतकाकांकडून फोन करायची.

दोन महिन्यांनी आईला आडवं होता येईना. श्वास कोंडायचा. इस्पितळात नेलं. पल्मनरी इडीमा, म्हणजे फुप्फुसांत पाणी. डॉक्टरांनी सिस्टरची फोनच्या नोंदींची वही माझ्यासमोर धरली. "दर फोनला 'बरं आहे' लिहिलंय. मग हे पाणी एका दिवसात आलं का?"

मी भडकले. सिस्टरने नीट विचारलं नसणार, या खात्रीने वॉर्डाबाहेरच्या बाकावर आमच्या महिला संघटनेच्या वतीने निषेधाचं पत्रक लिहायला घेतलं.

आईला ते कळलं. "अगं, त्या बिचारीला कशाला? फोन काकांच्या हॉलमध्ये. ते समोर पेपर वाचत बसलेले. एकदा तर त्यांचे जावईही आलेले. त्यांच्यापुढे लघवी किती झाली ते ओरडून सांगू?"

मी कागद फाडला. बायकांच्या आरोग्यावर इतकी पत्रकं वाटली, पण आपली आई कुठे उभी राहून बोलते, हे एकदाही विचारलं नव्हतं.

मग वजन, सूज, धाप, लघवी अशा चार गोष्टींना क्रमांक दिले. एक यादी सिस्टरकडे, एक आईकडे. आई नुसते आकडे सांगू लागली. "एक, बावन्न. दोन, नाही. तीन, नाही. चार, नऊशे."

"वहिनी, मटका लावता की काय?" काका म्हणाले. "आम्हालाही सांगा की आकडा!"

तरी वैताग संपला नाही. कधी फोन बंद, कधी भलतीकडेच लागे. एका गुरुवारी मी घरी होते, आईसोबत काकांकडे गेले. लाइनवर नुसती खरखर. "चार, चारशे," आईने तीनदा सांगितलं. सिस्टरना ऐकूच येईना. शेवटी आई जोरात ओरडली, "लघवी निम्म्यावर आलीय हो! पायही सुजलेत!"

काकांनी पेपर खाली ठेवला. स्वयंपाकघराकडे वळून म्हणाले, "अगं, कुकर बंद कर. वहिनींचं तिकडे ऐकू जात नाहीये."

त्याच दिवशी गोळी वाढवली. इस्पितळ टळलं.

तुमच्या घरी हा आजार असेल, तर वजनकाट्याआधी फोन कुठे आहे ते बघा. सामंतकाकांनी आता लांब वायर लावून घेतलीय. फोन आतल्या खोलीत नेता येतो. आई मात्र हॉलमध्येच उभी राहून सगळं नावानिशी सांगते.