काचेखालची गडगड

मला आवाज सहन होत नाहीत. नळ टपकायला लागला की मी त्याच्या तोंडाला चिंधी बांधते, आणि कचेरीतला पंखा कुरकुरला की माझं डोकं फिरतं. मग आमच्या गाडीच्या डॅशबोर्डातला तो आवाज मी इतकी वर्षं कसा सोसला, देव जाणे! गाडी डावीकडे वळली की समोरच्या काचेखालून काहीतरी गडगडत उजवीकडे जायचं आणि टोकाला टक् करून थांबायचं. उजवीकडे वळली की परत गडगड, परत टक्.

गाडी आबांची, म्हणजे माझ्या वडिलांची. उभा जन्म त्यांनी लोणावळ्यात पर्यटकांची जीप चालवली, तीही दुसऱ्याच्या मालकीची. ते काम सुटल्यावर स्वतःची अशी ही छोटी, जुनी गाडी घेतली. आणि मग काचबिंदूनं त्यांची नजर खाल्ली. आधी कडेचं दिसेनासं झालं, नंतर समोरचंही गेलं. आता त्यांना फक्त उजेड आणि अंधार कळतो. किल्ली मात्र त्यांनी कुणी मागायच्या आत माझ्या हातात ठेवली. "धर. आता तू चालव, म्या बसतो बाजूला," एवढंच म्हणाले. आई त्याआधीच गेली होती. घरात आम्ही दोघंच.

दर रविवारी सकाळी आम्ही वडगावातून निघतो, जुन्या रस्त्यानं लोणावळ्याला जातो, वळवणच्या धरणापाशी टपरीवर चहा पितो आणि परत येतो. तिथं आम्हाला काही काम नसतं. पण आबा शनिवारी संध्याकाळीच धुतलेला सदरा उशाशी काढून ठेवतात.

त्या रविवारांबद्दल नीट सांगता येईल की नाही, कोण जाणे. कान्हे मागं पडलं की बऱ्याचदा धुकं उतरायचं. डोंगर नाहीत, शेतं नाहीत, नुसतं पांढरं पांढरं. पुढच्या गाडीचे लाल दिवे तेवढे तरंगत असायचे. आणि बाजूला आबा डोळे मिटून, मांडीवर हात ठेवून बोलायला लागायचे. "डावीकडं चिंच आली बघ. तिच्याखाली म्हातारी बसती करवंदं घेऊन." चिंच रस्ता रुंद करताना कधीच तोडली. म्हातारीही आता नसेल. पण मी म्हणायची, "हो आबा, बसलीय." "किती वाटे लावलेत?" "पाच." ते समाधानानं मान हलवायचे. एकाच गाडीतून आम्ही दोघं दोन रस्त्यांनी जात असायचो, आणि खरं सांगते, त्यांचाच रस्ता मला जास्त आवडायचा. कधी कधी गाडी मी चालवतेय की ते, हेच मला कळायचं नाही.

नवल म्हणजे त्यांचं कधी चुकायचं नाही. कामशेतची खिंड लागली की, "आली खिंड." कार्ला फाटा आला की, "हितनं देवीला हात जोड." मी स्टिअरिंगवरचा एक हात उचलून छातीला लावायची. "आबा, चोरून बघता ना तुम्ही?" असं मी चिडवायची. ते गालातल्या गालात हसायचे. "म्या वाट बघत न्हाई गं, वाट माज्याकडं येती." मला वाटायचं, चाळीस वर्षांची सवय, चढउतार अंगात मुरलाय. यापलीकडे मी विचारच केला नाही.

मग गेल्या हिवाळ्यात मला ती नसती उठाठेव सुचली. स्टिअरिंगजवळची प्लॅस्टिकची पट्टी उचकटली होती, काचेखालच्या जाळीचा एक दात गाडी घेतली तेव्हापासून मोडलेला, तिथं भोक पडलं होतं, आणि तो आवाज तर होताच. म्हटलं, आबांना न सांगता सगळं ठीकठाक करून घेऊ. म्हाताऱ्याला शांत गाडीत बसवू. मोबाइलवर चार व्हिडिओ बघितले आणि उलथन्याला फडकं गुंडाळून मीच पट्टी उपटायला गेले. कट्! आतली खुंटी मोडली. मी उलथनं अंगणात भिरकावलं आणि गाडी घेऊन तडक घोरावाडी गाठली.

तिथं स्टेशनजवळ पत्र्याच्या शेडमध्ये एक भाऊ गाड्यांच्या आतलं काम करतात. सीट, छत, डॅशबोर्ड, असलं. माझी मोडलेली खुंटी बघून त्यांनी विचारलं, "सकाळच्या गारठ्यात उपटली का?"

"हो."

"मंग मोडनारच. गार प्लॅस्टिक वाकत न्हाई. त्येला आदी उनात बसवायचं."

आणि खरंच त्यांनी गाडी तोंड फिरवून उन्हात लावली आणि तासभर हातच लावला नाही. स्वतः बिडी ओढत बसले. मी घड्याळ बघून धुसफुसत होते. मग त्यांनी काढलं एक जुनं इडलीपात्र. मी म्हटलं, आता हे इडल्या घालणार की काय! पण त्यातल्या एकेका खळग्यात ते एकेका जागेचे स्क्रू ठेवत गेले. पहिल्या ताटलीत स्टिअरिंगजवळचे, दुसरीत खणाचे, तिसरीत काचेखालचे. हत्यार म्हणाल तर टूथब्रशची दांडी, घासून पातळ केलेली. ती फटीत सारायची, बोटानं पट्टीवर टिचकी मारायची, कान लावायचा, मग थोडं पुढं सरकायचं. पट्टी हळूच सुटायची. माझा राग कधी निवळला, कळलंच नाही. मोडलेल्या खुंटीला त्यांनी झटपट चिकटणाऱ्या गोंदाचा थेंब सोडला आणि वर चिमूटभर खायचा सोडा टाकला. क्षणात दगड. तसाच जाळीचा दात नवा करून भरला.

जाळीखाली काचेवर हवा सोडणारी आडवी नळी होती. तिच्यात त्यांनी हात घातला आणि मूठ उघडून माझ्यापुढं धरली. "ताई, ही आवाज करत व्हती. काय करू, टाकू?"

तळहातावर सुपारी होती. धुळीनं काळी पडलेली, पण एका बाजूला कुंकवाचा लाल डाग अजून शिल्लक. खाली चार-दोन अक्षता.

मला एकदम आई दिसली. गाडी घरी आली तो दिवस. आईनं चाकांखाली लिंबं ठेवली, बॉनेटवर स्वस्तिक काढलं. पण बॉनेट उतरतं, गणपतीची सुपारी तिथं बसेना. म्हणून तिनं गणपती डॅशबोर्डावर मांडला, विड्याच्या पानावर, अक्षता टाकून. आरती झाली. पेढा तोंडात जायच्या आत आबांनी किल्ली फिरवली. आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या गाडीची किल्ली, कसले थांबतात! गाडी उडी मारून निघाली ती पाटलाच्या वळणावरून भर्रकन फिरून परत आली, तर डॅशबोर्डावर नुसतं पान. सुपारी नाही. आईनं सीटखाली, पायपुसण्याखाली, चाकांशी, सगळीकडे शोधलं. टॉर्च घेऊन शोधलं. "विसर्जन न करता गणपती हरवला, बरं नाही हे," म्हणत रडकुंडीला आली. आबा हसत होते. "अगं, गाडीतच हाय की. कुटं जातोय?" पण तिच्या मनातून ते कधी गेलं नाही. नंतर दुखण्यात अंथरुणावर पडली तेव्हासुद्धा एकदा मला म्हणाली होती, "ती सुपारी सापडायला पाहिजे होती गं."

मी सुपारी रुमालात बांधून घेतली. भाऊंना म्हटलं, नळीत नमद्याचं मऊ लोकरी कापड चिकटवा, कुठं काही वाजायला नको. घरी आल्यावर सुपारी धुतली, कुंकू लावलं, देव्हाऱ्यात ठेवली. आईचं राहिलेलं काम आपण केलं, म्हणून त्या दिवशी मी स्वतःवरच खूश होते.

रविवारी निघालो. धुकं दाट होतं. गाडीत इतकी शांतता, की आबांचा श्वास ऐकू येत होता. मी मनातल्या मनात फुशारले होते, आता विचारतील, मग विचारतील. कान्हे गेलं. आबा बोलले नाहीत. चिंच गेली, म्हणजे चिंचेची जागा गेली. मी मुद्दामच म्हटलं, "आबा, म्हातारी बसलीय." त्यांनी वाटे विचारले नाहीत. खिंडीची वळणं आली आणि संपली. आबांनी मांडीवरचा हात उचलून डॅशबोर्डावर ठेवला, पट्टीवरून फिरवला, काचेपर्यंत नेला.

"कुटं आलो?"

"खिंड गेली की आबा."

"गेली?"

त्यांच्या कपाळावर घाम. इतकी वर्षं त्यांच्याकडे बघतेय, पण असा चेहरा मी कधी पाहिला नव्हता. "मागं घे गाडी," ते म्हणाले. "मला कायबी कळंना. आज माजी नजर खरीच गेली."

मी कडेला गाडी घेतली आणि त्यांचा हात धरला.  मग ते हळूहळू सांगायला लागले. डावीकडनं दोनदा, उजवीकडनं एकदा, मग लांब गडगड, की खिंड. एकदाच टक् झालं, की कार्ला फाटा. धरणाच्या अलीकडं लागोपाठ दोन टक्. चिंच तर टक् झाल्यावर दहा मोजायच्या आत. "त्यो आवाज व्हता तवर मला समदं दिसत व्हतं गं," म्हणाले. "आता नुसतं पांडरं हाय."

आणि तो आवाज मीच बंद केला होता, वर गाडी उन्हात ठेवून, नीट, दुसरी एकही खुंटी न मोडता! स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली. सुपारीचं मात्र त्यांना सांगायचं धाडस मला झालं नाही. तशीच गाडी वळवली. चहा न पिता आम्ही परतलो. पुढच्या शनिवारी आबांनी सदरा काढून ठेवला नाही. "थंडी लय हाय. ऱ्हाऊ दे उद्याचं," म्हणाले.

मी लगेच गाडी घेऊन घोरावाडीला गेले. भाऊंना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "आवाज काढा म्हनून समदी येत्यात. आवाज बसवा म्हनून तुमीच पयल्या." टूथब्रशची दांडी माझ्या हातात दिली. "घ्या. तुमीच काढा. आता कळलंय की तुमाला."

मी गाडी उन्हात लावली. तासभर हात लावला नाही. त्यांच्या इडलीपात्रात एकेक स्क्रू ठेवत गेले, टिचकी मारून ऐकत जाळी उचलली, नळीतला नमदा नखांनी खरवडून काढला. सकाळी निघतानाच देव्हाऱ्यातून सुपारी उचलून आणली होती. उचलताना हात जोडून म्हटलं होतं, देवा, रागावू नकोस, आणि आईलाही सांग. सुपारी नळीत सोडली, जाळी बसवली.

दुसऱ्या दिवशी आबांना जवळजवळ ओढूनच गाडीत बसवलं. फाटक ओलांडलं, पाटलाच्या वळणाला लागलो. आवाज नाही.  नमद्याचा तुकडा राहिला का? का जाळीच चुकीची बसवली? आबा डोळे मिटून बसले होते. पुढचं वळण आलं. मी जरा जोरातच घेतलं.

गडगड... टक्.

आबांनी मान वर केली. पुढच्या वळणावर परत गडगड. त्यांचे ओठ हलत होते, मोजत होते.

मग मी सांगून टाकलं. तो आवाज कशाचा होता, सुपारी कुठून निघाली, सगळं. आईनं टॉर्च घेऊन जिला शोधलं, तीच ती, हेही.

आबा किती तरी वेळ समोर बघत राहिले, म्हणजे त्यांना जिकडे उजेड वाटत होता तिकडे. मग जणू आई तिथं बसलीय अशी मान जराशी मागच्या सीटकडे वळवली आणि त्या दिवशी हसत होते अगदी तसेच हसून म्हणाले, "अगं, गाडीतच हाय की. कुटं जातोय?"

मला समोरचं काही दिसेना. "पोरी, हळू घे," आबा म्हणाले, "आली खिंड."