बुजगावण्यांची लढाई

भैंसा गावाजवळच्या पिंपळधरीत दर पौषात एक लढाई व्हायची. अठ्ठेचाळीस साली शाळू लुटायला आलेल्या रझाकारांना गावाने नाल्यापाशीच रोखून धरलं होतं. तीच लढाई गावकरी हौसेने पुन्हा लढायचे. भगवानराव सुतार लाकडी बंदुका करून द्यायचा, निम्मे गडी रझाकार व्हायचे, निम्मे गावकरी. आणि मारोतराव लुगडं नेसून देवका व्हायचा.

खरी देवकाबाई बांधावर बसून बघायची. सोळा वर्षांची असताना मचाणावरून गोफण भिरकावून तिनेच रझाकारांच्या जमादाराची टोपी उडवली होती. गोफण फिरवताना मारोतरावाचा हात कोपरातच अडायचा. तिला ते दरसाल खुपायचं. पण बाईमाणसाने खेळात उतरायची रीत नव्हती.

एक्क्याऐंशीला इंद्रवेल्लीत आदिवासींच्या सभेवर पोलिसांचा गोळीबार झाला आणि जिल्ह्याचं वारंच फिरलं. चार माणसं जमली तरी ठाण्यातून विचारणा. शहाऐंशीला नव्या फौजदाराने लाकडी बंदुका उचलून नेल्या. जंगलातल्या नक्षलवाद्यांसाठी तालीम घेता, म्हणत भगवानरावाला तीन दिवस ठाण्यात बसवून ठेवलं आणि बंदुका त्याच्यासमोर जाळल्या. त्यानंतर कितीतरी दिवस त्याने रंध्याला हात लावला नाही.

पुढच्या पौषात गडी खाली मान घालून म्हणाले, "यंदा राहू द्या."

देवकाबाई भगवानरावाच्या दारात जाऊन उभी राहिली. "काऊन रे, हातपाय गाळून बसला?"

"बंदुका जाळल्या त्यायनं, मावशी. कायनं लढाव?"

"बंदुका रझाकारायच्या होत्या, बापा. आपल्यापाशी कवा होत्या? आपल्यापाशी गोफण होती. शाळवात गोफण चालवाले कोन्या ठाण्याची परवानगी लागते?"

भगवानराव उठला. त्याने लाकूड तासायचा वासला काढला.

आठ दिवसांत नाल्याकाठच्या शेतांत बारा बुजगावणी उभी राहिली. मधल्याच्या डोक्यावर जमादारासारखी लाल टोपी. ठरल्या दिवशी बाया एकेकट्या निघाल्या आणि आपापल्या मचाणावर चढल्या. मारोतराव आला तो धोतरातच. "मावशी, तुमचं तुमीच करा," म्हणत त्याने वेचलेले गोटे तिच्या ओटीत घातले.

तेवढ्यात जीप आली. फौजदाराने खालून ओरडून विचारलं, "ये क्या चल रहा है?"

"पाखरं हाकलून राह्यलो, सायब," देवकाबाई मचाणावरून म्हणाली.

"इतनी औरतें?"

"पाखरं बी लय हायत."

देवकाबाईने गोफण तीनदा गरगर फिरवली आणि सोडली. लाल टोपी उडाली ती थेट नाल्यात. फौजदाराचा हात नकळत स्वतःच्या टोपीकडे गेला. मचाणामचाणावरून "होऽऽ हुर्रऽऽ" उठलं, आणि हातातली कामं सोडून गडीही बांधाबांधावर उभे राहिले. फौजदाराने बुजगावणी मोजली, मचाणं मोजली. लिहून घ्यावं असं काहीच सापडेना. जीप वळली.

सात वर्षं लढाई अशीच झाली. शेजारच्या गावांच्या बायाही गोफणी घेऊन येऊ लागल्या. चौऱ्याण्णवला परवानगीचा कागद मिळाला, तेव्हा गावानेच ठरवलं, बंदुका आता नकोतच.

त्या वर्षी देवकाबाई बासष्टीची होती. पहिल्याच गोट्यात तिने टोपी पाडली. संध्याकाळी सून भागीरथा खांद्याला लावायला तेल कोमट करून घेऊन आली.

"राहू दे वं," देवकाबाई म्हणाली. "दुखू दे जरासं. कमावलेलं हाय ते."