कस्तुराच्या पिक्चरमध्ये कुणी मरत नसे

चिंचवडात जुन्या रस्त्याच्या कडेला लक्ष्मणरावांनी पत्र्याचं टॉकीज उभारलं, तेव्हा भावकीनं त्यांना वेड्यात काढलं. जमीन कारखान्यात गेलेली, तिचा पैसा हाती आलेला. शेजारीपाजारी ट्रक घेत होते, वीटभट्ट्या टाकत होते, आणि हा गडी पांढरा पडदा ताणून बसला. त्यात नवे सिनेमे त्यांना कुणी देईना. मग ते मुंबईच्या एका गोदामातून जुनी, कुणाला नको असलेली रिळं उचलून आणू लागले. बंगाली, मद्रासी, रशियन, कुठकुठल्या देशांची. दर रविवारी सकाळी जुना खेळ. इंटरव्हलला लक्ष्मणराव स्वतः पडद्यापुढं येऊन विचारत, "बोला, कंचा परत आणू?" लोक नावं ओरडत, आणि ज्याच्यासाठी जास्त ओरडा होईल तो सिनेमा महिन्या-दोन महिन्यांत पुन्हा लागे.

पण हे सगळं नंतरचं. पहिल्या रविवारी नुसती बोंब झाली होती. पडद्यावर एक गोरी बाई नवऱ्याशी तावातावानं बोलत होती आणि खाली शिट्ट्या.

"अरे, ही कंची भाषा?"

"आमच्या साहेबाची! त्यालाबी कळत न्हाई!"

दाराशी कस्तुरा झाडू घेऊन उभी होती. टॉकीज झाडायचं काम तिचं. तिच्या वडिलांचा जलसा होता. बाबासाहेबांची गाणी आणि मधले सवाल-जवाब घेऊन ती लहानपणी गावोगाव हिंडलेली. गळा तेव्हाचाच. तिला राहवेना. ती मागूनच ओरडली, "आरं, ती म्हणतीया, पगार झाला की नीट घरी यायचं, वाटेत कुठं बसायचं न्हाई!"

टॉकीज हसलं. पडद्यावरचा नवरा खाली मान घालून पुटपुटला.

"आन तो म्हणतोय, ओव्हरटाइम हुता!"

पत्रे हादरले. पुढच्या रविवारी लक्ष्मणरावांनी सिनेमाचा आवाज बारीक केला आणि कस्तुराच्या हाती माईक दिला.

तेव्हापासून ती शनिवारी दुपारी रिकाम्या टॉकीजात एकटी बसून सिनेमा बघायची. कोण कुणाचं, कोण कुणावर खार खाऊन आहे, हे तोंडं बघून ठरवायची. सगळ्यांना आपली नावं द्यायची. रशियातली सासू लातूरकडचं बोलायची, बंगाली सावकार रत्नागिरीचं, आणि नायिका बहुधा आकुर्डीचं. "आमच्याकडचीच हाय की ही!" असं कुणीतरी आनंदानं ओरडे. कुठून कुठून आलेली ही माणसं कारखान्यात एकमेकांच्या बोलण्याची टिंगल करायची. इथं शेजारी बसून एकमेकांचे शब्द शिकायची. सिनेमाचं खरं नाव कुणी घेत नसे. सगळे म्हणत, कस्तुराचा पिक्चर.

सुरुवातीला एका सिनेमात पोर दगावलं. तिनं जसं होतं तसं सांगितलं. लोक मुकाट उठून गेले आणि पुढच्या रविवारी अर्धे आलेच नाहीत.

"कस्तुरा," लक्ष्मणराव म्हणाले, "आठवडाभर ह्यांच्या डोळ्यांदेखत बोटं तुटत्यात. रविवारी तरी नगं मारूस कुणाला."

तिथून तिच्या पिक्चरमध्ये माणूस मरायचा बंद झाला. म्हातारी आई लेकीकडं राहायला जायची. गोळी लागलेला शिपाई लांब रजेवर. बायका रडताना दिसल्या की कस्तुरा म्हणे, "आनंदानं रडत्यात गं." इतकं ठासून म्हणे की शंका काढायला जागाच उरत नसे. आणि काढायची कुणाला होती?

चौऱ्याहत्तर साली एका ओतकाम कारखान्यात स्फोट झाला. धोंडीबा त्यात गेला. तो आणि त्याची बायको शालनबाई कस्तुराच्याच चाळीत राहायची. बंद पेटी आली. आतलं तोंड दाखवण्यासारखं नाही, असं साहेबांनी सांगितलं. शालनबाईच्या हातात डबा आणि चपला दिल्या. ती रडली नाही. बायकांना तीच भीती वाटली. थोडे दिवस गेल्यावर त्या तिला रविवारच्या खेळाला घेऊन आल्या, जरा मन रमेल म्हणून.

सिनेमा कोळ्यांचा होता. एकाची होडी धुक्यात जाते. मग त्याचे सोबती त्याच्या बायकोला नुसती टोपी आणून देतात. कस्तुराचं शालनबाईकडं लक्ष गेलं, आणि सवयीनं तोंडून निघालं, "ते सांगत्यात, तुझ्या धन्याला लांबच्या बंदरावर काम लागलंय. टोपी जपून ठेव म्हणाला. येतो."

इंटरव्हलला पहिली ओरडली ती शालनबाई. "ह्योच परत आणा!"

आणला. पुन्हा आणला. लोक कंटाळले, तरी तिच्याकडं बघून तेही ओरडायचे. दर वेळी ती पुढच्या रांगेत बसून शेवटपर्यंत होडीची वाट बघायची, आणि बाहेर पडताना विचारायची, "आक्का, ह्या खेपेलाबी न्हाई आला. पुढल्या खेपेला यील का गं?"

पावसाळा सरता सरता तिचा दीर कोंडाजी कस्तुराकडं आला.

"आक्का, कंपनी वहिनीला दादाच्या जागी घ्यायला तयार हाय. दिवाळीपत्तुर. तिनं निस्ता अंगठा द्यायचा. देत न्हाई. म्हणती, जागा त्यांची हाय, ते आल्यावर कुठं जातील?"

"मग मी काय करू, भाऊ?"

"तुझ्या पिक्चरनं भरवलंय तिच्या डोक्यात. तूच काढ. दुसऱ्या कुणाचं ऐकत न्हाई ती."

कस्तुरा लक्ष्मणरावांकडं गेली. ते सुपारी कातरत होते.

"एकाला मारलंस," ते म्हणाले, "तर मागचे समदे मरतील. बघ बाई."

"आन ती जित्तेपणी मरतीया, त्याचं काय?"

"रीळ आणून देतो. बोलायचं ते तू ठरव."

त्या रविवारी धुकं आलं, होडी गेली, सोबती टोपी घेऊन दारात उभे राहिले. कस्तुरानं माईक तोंडाजवळ धरला. 

"बाई गं, तुझा नवरा मेला. दर्यानं नेला त्याला. ही टोपी तेवढी गावली. आता तो यायचा न्हाई. तू तुझं बघ."

पडद्यावरची बाई रडू लागली. आज ती कशानं रडते ते कुणाला सांगावं लागलं नाही.

"अगं, काम लागलंय म्हणालीस ना?" मागून आवाज आला.

"आणि ती म्हातारी? लेकीकडं गेलेली?" दुसरा उठून उभा राहिला. "बोल की कस्तुरा!"

"मेली हुती."

"शिपाई?"

"त्योबी."

ते एकेकाचं विचारत गेले आणि ती सांगत गेली. सिनेमा मागं चालूच होता. बीडकडचा एक थोराड माणूस अगदी हळू म्हणाला, "ती म्हातारीची गोष्ट म्या गावाकडं आईला सांगितली व्हती. लई आजारी व्हती माझी माय. लेकीकडं गेली म्हणल्यावर हसली व्हती." त्यानं टोपी घातली आणि निघाला. त्याच्या मागं रांगच्या रांग उठली. कुणी शिवी दिली नाही. दिली असती तर कस्तुराला बरं वाटलं असतं.

शालनबाई तेवढी बसून होती. दिवे लागले तशी जवळ आली.

"आक्का, आज बरं न्हाई का तुला? कायबाय बोलत हुतीस."

"शालन, खरं तेच बोलले."

"न्हाई." तिनं कस्तुराच्या दंडावर हात ठेवला, आजाऱ्याला धीर द्यावा तसा. "खरं मागं बोललीस. आज तुला आमच्या भावजींनी शिकवलं. मला कळतंय की."

दिवाळी झाली. अंगठा उठला नाही. त्या जागेवर दुसऱ्याच कुणाचा भाचा लागला. कोंडाजीनं एकदा येऊन तेवढं सांगितलं आणि चहा न घेता गेला.

रविवारी माणसं येईनाशी झाली. जी येत ती इंटरव्हलला गप्प बसत. लक्ष्मणराव विचारत, "कंचा परत आणू?" आणि मग स्वतःच आत जात. पुढं त्यांनी हाणामारीचे हिंदी सिनेमे लावून पाहिले. शेवटी व्हिडिओ आले, तेव्हा पत्रे तसेच ठेवून टॉकीज कुणा कंत्राटदाराला गोदामासाठी देऊन टाकलं. कस्तुराला एका कंपनीच्या कँटीनमध्ये ताटं धुवायचं काम मिळालं. तिथं बोलायचं काही नसे.

रविवारी मात्र तिला त्या रस्त्यानं जावंच लागे, कारण गोदामाच्या बंद दारापुढं शालनबाई उभी असे, केस विंचरून, धुतलेलं लुगडं नेसून.

"आक्का, ती कोळ्याची बाई काय करती गं आता?"

कस्तुराकडं या प्रश्नाची दोन उत्तरं होती. दोन्ही देऊन झाली होती. ती तिचा हात धरायची आणि चाळीच्या बससाठी स्टॉपवर आणून उभी करायची. बस यायची, थांबायची, कंडक्टर घंटी मारायचा. शालनबाई चढायची नाही. उतरणाऱ्यांत धोंडीबाचं तोंड शोधून व्हायचं असे. कस्तुराही खालीच थांबायची, आणि दोघी पुढच्या बसकडं बघत राहायच्या.