कडेगावचा लाल वळसा

साताऱ्यातल्या ऑफिसात बसून मी तासगावच्या एका बेदाणा कारखान्याचं जुळं सांभाळते. म्हणजे डिजिटल ट्विन. बेदाणा धुणं, निवडणं, शीतगृह, मालाच्या गाड्या, खऱ्या कारखान्यात जे चालतं ते माझ्या संगणकावर तसंच्या तसं चालतं. वीज, पाणी, डिझेल कुठं वाया जातंय ते तिथं आधी लाल होऊन कळतं. आईला हे समजावलं तर म्हणाली, "एक हाय त्यो सुखानं चालंना, आन् दुसरा कशापायी काढलाय?"

एक दिवस पडद्यावर लाल वळसा दिसला. कराडहून खोकी आणणारा टेंपो पलूसवरून सरळ यायचा सोडून रोज कडेगावला, आमच्याच गावात, जाऊन थांबत होता. माझं डोकंच फिरलं, कारण टेंपो माझ्या धाकट्या भावाचा. काम मीच मिळवून दिलेलं. साहेबांना कळलं तर माझंच नाक कापलं जाणार. लगेच फोन लावला.

"काय रं, रोज दुपारी गावात कुठं उंडारतोस?"

"आक्के, घरी जातोय की. आई एकटी जेवत न्हाई. मी बसलो म्हंजी दोन घास खाती, न्हाईतर ताट तसंच झाकून ठेवती."

मी रोज आईला फोनवर विचारायची, "जेवलीस का?" आणि ती म्हणायची, "व्हय, पोटभर."

वळसा पुसला तर डिझेल वाचत होतं, हे खोटं नव्हतं. पण आई उपाशी राहणार होती. आणि भावासाठी आकडे लपवायचे, तर मग ते जुळं काय पूजेला ठेवायचं? दोन दिवस नुसती चिडचिड केली. मग जुळ्यातच वाट शोधत बसले. कडेगावच्या अंगाला बेदाण्याचं एक शेड होतं. तिथला माल आणायला तासगावहून दुसरी गाडी रिकामी जायची. ती बंद करून तो माल भावाच्या टेंपोत टाकून बघितला. खोक्यांच्या जोडीला जागा होती. एकूण डिझेल आधीपेक्षा कमी लागलं आणि वळसा हिरवा झाला. बाई गं, खुर्चीत बसल्या बसल्या रडू फुटलं मला.

साहेबांनी होकार दिल्यावर आईला फोन केला. "आई, त्याचा दुपारचा थांबा आता पक्का झाला. तुझं घरसुद्धा दाखवलंय मी त्या नकाशात."

"म्हंजी माझं घर तुझ्या हापिसात हाय?"

"हाय की. समोरच दिसतंय."

"मग बाई, तिथं तरी येत जा."