कुंभारणीचं घर

जाळी काढताना अक्कांचा झाडू एका जागी हमखास थांबायचा. कुंभारीण माशीने भिंतीवर बांधलेलं मातीचं घरटं दिसलं, की त्या झाडू खाली घेत आणि म्हणत, "त्याले हात नका लावू सर, कुनं तरी घर शे."

पारोळ्याच्या आमच्या शाळेत त्या शिपाई होत्या आणि मी विज्ञानाचा मास्तर. तपासणी तोंडावर आलेली आणि प्रयोगशाळेच्या भिंतीवर हे मातीचे गोळे! मी भडकायचो. त्या सगळं ऐकून घ्यायच्या आणि नाकातल्या नाकात गुणगुणत पुढची भिंत झाडायला लागायच्या. त्या गुणगुणीला ना चाल, ना शब्द. घरटं मात्र तिथंच राहायचं.

कुंभारणीने घर केलं की त्या घरात पाळणा हलतो, हे तुम्हीही ऐकलं असेल. अक्कांना मूलबाळ नव्हतं. त्यांच्या देवळीत कुंभारणीने घर केलं, तेव्हा सगळी गल्ली फिदीफिदी हसली. त्याच वर्षी शिंदखेड्याला दिलेली त्यांची बहीण वारली आणि तिची तान्ही लेक अक्कांनी पदराखाली घरी आणली. पोर मोठी होऊन विचारायला लागली, तेव्हा त्यांनी काहीच लपवलं नाही. कुंभारीण दुसऱ्याची अळी आणते, तिच्यापाशी गुणगुणत बसते, मग त्या अळीचीच कुंभारीण होते. तशी तू माझी, एवढंच सांगितलं.

हे मला कुठे ठाऊक! ती पोर नववीला माझ्याच वर्गात होती. एक दिवस मी मोठ्या हौसेने घरटं फोडून दाखवलं. "बघा, ही अळी काही कुंभारीण होत नाही. कुंभारणीच्या पिल्लाचा हा डबा आहे, पिल्लू हिला खातं. बाकी सगळ्या भाकडकथा!" वर्ग हसला. ती मान खाली घालून बसली.

दोन दिवस ती शाळेत आली नाही. तिसऱ्या दिवशी अक्का प्रयोगशाळेच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. हातात झाडू होता, पण गुणगुण नव्हती.

"सर, पोर इचारस, मंग मी तुन्ही कोन?"

मग त्यांनी अळीची ती गोष्ट सांगितली आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. शाळा सुटल्यावर तडक त्यांच्या घरी गेलो. पोर भिंतीकडे तोंड करून बसली होती. "अगं, धडा खरा आहे, पण..." मी सांगायला लागलो. तेवढ्यात अक्काच तिच्या पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, "सरनं पुस्तक खरं शे, बेटा. पन ते माशीसनं शे. मी काय माशी शे का?"

पोरीला रडतारडता हसू फुटलं आणि ती त्यांच्या कुशीत शिरली. मला चहा मिळाला. साखर जरा जास्तच होती.

अक्का मागच्या हिवाळ्यात गेल्या. लेक जळगावला नांदते. परवा तिच्या बाळाच्या बारशाला गेलो होतो. बाहेरच्या खोलीत बसलो होतो, तेवढ्यात आतून तीच गुणगुण ऐकू आली. नाकातल्या नाकात, ना चाल, ना शब्द. "अक्का!" म्हणत मी उठलोच.

आत ती पोर बाळाला मांडीवर घेऊन थोपटत होती.

"काय झालं सर?"

"काही नाही गं," मी म्हणालो. "त्या दिवशी वर्गात मी तुला चुकीचं शिकवलं."