तोंडाने सांगितलेला नंबर

‘नंबर’ हा शब्द पनवेल आणि आसपासच्या भागात किती अर्थांनी चालतो, याच्या नोंदी मी गेल्या दीड वर्षापासून करते आहे. आजपर्यंत एकशे बारा नोंदी झाल्या. त्यांपैकी एकोणचाळीस एकाच माणसाकडून आल्या आहेत. एवढा भार एकाच्या तोंडावर टाकणे पद्धतीला धरून नाही, हे मला ठाऊक आहे. पण हाफिज मुकादम यांचे सगळे आयुष्यच या शब्दाच्या आत गेलेले असल्यामुळे माझा नाइलाज झाला.

हाफिजभाई एकसष्ट वर्षांचे. घर पनवेलच्या मोहल्ल्यात आणि पत्र्याची टपरी कळंबोलीच्या लोखंड बाजारामागे, ट्रक उभे राहतात तिथे. बत्तीस वर्षे त्यांनी गाड्यांवर नंबर लिहिले. मी पहिल्यांदा गेले तेव्हा तासाभरातच सात नोंदी मिळाल्या. एक ड्रायव्हर पाटी पाहून “एक नंबर” म्हणाला. दुसऱ्याला मालकाचा नंबर लागत नव्हता. तिसरा माल भरायला नंबर लावून आला होता आणि आपला नंबर कोणी खाल्ला म्हणून शिव्या देत होता. हाफिजभाईंनी सहा नंबरचा ब्रश मागितला, चष्मा पुसला आणि नंबर वाढल्याची तक्रार केली. पलीकडच्या गाळ्याकडे बोट दाखवून हळूच म्हणाले, “तिथं जाऊ नको बेटा. त्याचं सगळं दोन नंबरचं.”

हा शब्द इथे कधी आला, हे त्यांना विचारले तर ते बेधडक सांगतात, “मोटारीबरोबर.” मला ते मान्य नाही. जमिनीची मोजणी मोटारीच्या पुष्कळ आधी झाली, आणि त्यांच्याच वडिलांच्या सातबाऱ्यावर सर्व्हे नंबर आहे. तो उतारा मी त्यांच्यापुढे धरला. त्यांनी तो नीट वाचला, घडी घातली आणि म्हणाले, “कागदावर आला असेल. तोंडात मोटारीबरोबर आला.” याला उत्तर देण्याइतका पुरावा आजही माझ्यापाशी नाही.

ते या धंद्यात कसे आले, याच्या दोन कथा आहेत. त्यांची स्वतःची अशी: आखाती नोकरीसाठी मुंबईच्या एजंटाकडे दोघे भाऊ गेले, यादीत चाळीस माणसे घेतली, हाफिजभाईंचा नंबर त्रेचाळिसावा होता. “नंबर हुकला म्हणून नंबर लिहायला बसलो,” असे ते हसून सांगतात. धाकटे भाऊ आदिल कुवेतमध्ये आहेत. त्यांना मी फोन केला. ते म्हणाले, “कसला त्रेचाळिसावा? भाईचा नंबर माझ्याआधी होता. नाव पुकारलं तेव्हा हा गायब. खाली चहाच्या गाडीवर सापडला.” मी दोन्ही कथा नोंदवून ठेवल्या. निकाल दिलेला नाही.

त्यांच्या कामाची एक रीत होती आणि तिच्यावर त्यांचे नाव उभे होते. ते कागदावरून नंबर उतरवत नसत. गाडीच्या मालकाने समोर उभे राहून एकेक आकडा तोंडाने सांगायचा, हाफिजभाईंनी तो परत उच्चारायचा, मगच खडूने आखायचा आणि खडूवर रंग चढवायचा. कागद ओला होतो, झेरॉक्स पुसट निघते. मालक स्वतःचा नंबर चुकत नाही, असे त्यांचे म्हणणे. त्यांच्या पत्नी सकीनाभाभी यावरून त्यांना अजून छळतात. “नवीन घरात आलो तेव्हा दारावर नंबर लिहायचा होता. फक्त बारा. तर मला बाहेर उभं केलं, म्हणे, सांग. मी म्हटलं, एक आणि दोन. तर म्हणतात, परत सांग. शेजारीण हसून हसून खाली बसली.”

आता गाड्यांना कारखान्यातून आलेल्या पाट्या बसतात. ट्रकच्या अंगावर लिहायचे ते मशिनवर कापलेल्या स्टिकरने भागते. टपरी उघडी असते, पण काम उरले ते करंजाच्या बंदरात. जून-जुलैत मासेमारी बंद असताना बोटी किनाऱ्यावर ओढतात, रंगवतात आणि पुढच्या टोकाला दोन्ही अंगांनी नोंदणीचा नंबर नव्याने लिहितात. यंदा हाफिजभाईंकडे बारा बोटी होत्या. पहिली होती शिवाची.

शिवा करंजाचा. वीस वर्षे हाफिजभाई त्याच्या बोटीचा नंबर लिहीत आले होते. गेल्या वर्षी ती बोट मोडीत निघाली आणि यंदा नवी आली. तिला नंबरही नवा मिळाला. जुन्याचे शेवटचे आकडे दोन सात चार नऊ. नव्याचे दोन सात एक सहा. नऊ जुलैला, एका बुधवारी, हे काम झाले. मी तिथे हजर होते आणि बोलीच्या नोंदीसाठी दोघांच्या संमतीने रेकॉर्डर चालू ठेवला होता. उजवी बाजू झाली, डावीवर खडूने आखून झाले आणि पाऊस आला, सगळे ताडपत्रीखाली गेले. पाऊस थांबल्यावर डावी बाजू झाली. शिवाने बोटीभोवती एक फेरी मारली, मान हलवली, आम्ही निघालो.

बावीस तारखेला तपासणीच्या अधिकाऱ्यांनी बोट पाहिली. उजव्या बाजूला दोन सात एक सहा होते. डाव्या बाजूला दोन सात चार नऊ.

मोडीत निघालेल्या बोटीचा नंबर चालत्या बोटीवर दिसला, की पहिली शंका येते ती जुन्या नंबरावर सवलतीच्या डिझेलचा कोटा उचलल्याची. अधिकाऱ्यांनी मालकाचा आणि रंगाऱ्याचा लेखी खुलासा शुक्रवारपर्यंत मागितला. तोवर समुद्रात जायची परवानगी थांबली. पुढच्या शुक्रवारी, एक ऑगस्टला, बंदर उघडणार होते.

त्याच दिवशी, मंगळवारी, शिवाचा फोन आला तेव्हा मी टपरीवर होते. हाफिजभाईंनी स्पीकर लावला.

“हाफिजभाय, एके बोटीला दोन नंबर कशे?”

“तू सांगितलास तो लिहिला.”

“मी जुना कशाला सांगू? ती बोट भंगारात गेली.”

“शिवा, बत्तीस वर्षांत न सांगितलेला आकडा मी लिहिला नाही.”

“मंग मी खोटा? तसा लिवून देतंस? ते मला आतमदी टाकतील.”

“मी लिहून देणार नाही. मी चुकलोच नाही तर काय लिहून देऊ?”

“बरा,” शिवा म्हणाला. “तर आमी स्टिकर लावू. बाकीच्यांना पन सांगतो.” फोन बंद झाला.

प्रश्न सरळ होता. हाफिजभाईंनी चूक आपली म्हणून लिहून दिले, तर न सांगता आकडा न लिहिणारा माणूस म्हणून असलेले त्यांचे नाव संपणार होते आणि उरलेल्या अकरा बोटींचा भरवसा नव्हता. नाही दिले, तर शिवावर संशय कायम राहणार होता.

पुढचे दोन दिवस ते एका जागी बसले नाहीत. टपरीवर ब्रश धुतलेले असतानाही पुन्हा रॉकेलमध्ये बुडवीत. उभ्या ट्रकच्या मागे जाऊन नंबर मोठ्याने वाचीत, पुढे येऊन पुन्हा वाचीत, दोन्हीकडे तोच आहे याची खात्री झाल्यावर पुढच्या ट्रककडे वळत. एका ड्रायव्हरने विचारले, “चाचा, गाडी चोरीची वाटते काय?” ते पुढच्या ट्रकमागे पोहोचले होते. घरी जेवताना उठत, हात धूत आणि लक्षात आल्यावर परत बसत. सकीनाभाभींनी मला फोनवर सांगितले, “झोपेत आकडे बोलतात. मी म्हटलं, कुठला तरी एक ठरवा.”

त्या रेकॉर्डिंगमध्ये काय आहे, हे मला मंगळवारीच कळले होते. फोन झाल्यावर घरी येऊन मी ते दोनदा ऐकले. पण ज्याचा आवाज साठवायचा त्याच्याविरुद्ध तो वापरायचा नाही, या बोलीवर मी लोकांकडे जाते. मागितल्याशिवाय सांगायचे नाही, असे मी ठरवले. आणि हे तत्त्व आहे की भित्रेपणा, याचा निवाडा दोन दिवस करत राहिले.

गुरुवारी दुपारी हाफिजभाईंनीच घरी बोलावले. “त्या दिवसाचं सगळं आहे ना तुझ्याकडं?”

“आहे.”

“तू ऐकलंस?”

“ऐकलं.”

 ते खाटेच्या कडेवर बसले. “लाव.”

पावसाआधीचा भाग रीतीप्रमाणे होता. शिवा एकेक आकडा सांगत होता, हाफिजभाई परत उच्चारत होते. मग पावसाचा आवाज, ताडपत्रीची ओढाताण, कोणीतरी चहा मागितला. सात मिनिटांनी पाऊस थांबला. शिवाचा आवाज आला, “हाफिजभाय, या बाजूचा खरू पुसला सगला. परत सांगतो. दोन... सात...” आणि त्याला तोडत हाफिजभाईंचा आवाज, हसरा, घाईचा: “राहू दे रे. मला काय सांगतोस? तुझ्या बोटीचा नंबर वीस वर्षं लिहितोय मी.”

त्यापुढे ताडपत्रीवरून ठिबकणारे पाणी होते.

“परत,” ते म्हणाले. मी परत लावले. तिसऱ्या वेळी त्यांनी डोळे मिटून घेतले आणि उजव्या हाताची बोटे हवेत हलू लागली. दोन लिहिले, सात लिहिला, आणि बोटे न थांबता पुढे चार आणि नऊ लिहून गेली. त्यांनी डावा हात उजव्यावर ठेवला आणि तो मांडीवर दाबून धरला.

“मी त्याला बोलू दिलं नाही,” ते म्हणाले.

सकीनाभाभींनी चहाचा कप उचलला, तो तसाच भरलेला होता. “आता ऐकलंत ना? मग उद्याचा कागद आजच लिहून ठेवा. रात्रभर पुन्हा आकडे नकोत.”

शुक्रवारी सकाळी आम्ही करंजाला पोहोचलो तेव्हा शिवा बोटीपाशीच होता. त्याने हाफिजभाईंचा खुलाशाचा अर्ज हातात घेतला आणि सावकाश वाचला.

“‘मालक सांगत असता मी त्यास थांबविले,’” त्याने एक ओळ मोठ्याने वाचली. “हा कशाला लिवला? चुकून जाला, इतका लिवायचा.”

“झालं ते लिहिलं.”

“लोक वाचतील, हाफिजभाय.”

“वाचू देत.”

शिवाने कागदाची घडी घातली, परत उघडली. “मी पन मंग फेरी मारली ना. या बाजूला येऊन उबा र्‍हायलो, बगितला, आनि मला बरोबर वाटला. वीस वरसा डोले तोच बगत व्हते. ता पन लिव.”

“तुझं तू लिही. मी माझं लिहिलंय.”

शिवाने स्वतःच्या अर्जाखाली दोन ओळी वाढवल्या. अधिकाऱ्यांनी दोन्ही कागद ठेवून घेतले, आधी नंबर दुरुस्त करा आणि दोन्ही बाजूंचे फोटो आणा म्हणाले, आणि पुढच्या बोटीकडे गेले.

हाफिजभाईंनी चार आणि नऊ खरवडले, जागा घासली, पांढरा हात दिला. तो सुकेपर्यंत ते बोटीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत राहिले. रंग सुकल्यावर शिवा सवयीने पुढे आला आणि घसा साफ केला.

“तू नको,” हाफिजभाई म्हणाले. “आपण दोघं या नंबराला नासलेले. जुनी बोट न पाहिलेलं कोण आहे तुझ्या घरात?”

शिवाची सून अंकिता मे महिन्यात लग्न होऊन आली होती. तिला बोलावून नोंदणीचा कागद हातात दिला. तिने एकेक आकडा वाचला, हाफिजभाईंनी उच्चारला, आखला, रंगवला. मग त्यांनी तिच्या हातातला कागद घेतला. “आता बोटीवरचा वाच.”

“चाचा, आत्ताच तर वाचला.”

“तो कागदावरचा. हा वाच.”

तिने वाचला. त्यांनी तिला दुसऱ्या बाजूला नेले. तिथलाही वाचला. “परत?” तिने विचारले, आणि पदर तोंडाशी धरून हसू दाबले. शिवा म्हणाला, “वाच बाय, वाच. नायतर हा मानूस घरी नाय जायाचा.”

फोटो त्याच दिवशी दिले आणि परवानगी मंगळवारी आली. अकरापैकी दोन मालकांनी मात्र स्टिकर लावले.  नऊ राहिले. बंदर उघडायच्या आधीचे ते दिवस मी करंजातच होते. अर्जातली ती ओळ सगळ्या बंदराला पाठ झाली होती. महादेव नावाच्या मालकाने आपला नंबर बहिऱ्या माणसाला सांगावा तसा, एकेका आकड्यावर थांबत, ओरडून सांगितला. “ऐकला ना, हाफिजभाय? की मदीच थांबवतंस?”

“परत सांग,” हाफिजभाई म्हणाले.

त्याने परत सांगितला. बाजूच्या बोटींवरची माणसे कामे टाकून ऐकत होती. हाफिजभाईंनी सगळा नंबर उच्चारला, खडू उचलला, पहिला आकडा आखला आणि थांबले. खडू हातात धरून ते बोटीला वळसा घालून पलीकडे गेले, तिथे काहीच लिहिलेले नव्हते ते पाहून परत आले, आणि दुसऱ्या आकड्याआधी पुन्हा महादेवाकडे वळले.

“हां. बोल पुढे.”